वॉशिंग्टन राज्यात गांजाचे कायदे आणि नियम कसे बदलतात : माग ठेवणं, साक्ष देणं, नियमबदलाचा अर्ज करणं

वॉशिंग्टन राज्यात (राजधानी वॉशिंग्टन नव्हे, सिएटल-ऑलिंपियाचं वॉशिंग्टन) मतदारांनी ६ नोव्हेंबर २०१२ रोजी इनिशिएटिव्ह ५०२, म्हणजे गांजा कायदेशीर करणारा आणि थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव, मंजूर केला. महिन्याभरात २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने ठरावीक प्रमाणात गांजा जवळ बाळगणं हा राज्याच्या कायद्याने गुन्हा राहिला नाही. पहिली दुकानं मात्र उघडली जुलै २०१४ मध्ये. मधला दीड वर्षाहून जास्त काळ मुख्यतः गेला नियम लिहिण्यात आणि परवाने देण्यात : दुकान शाळेपासून किती अंतरावर, पाकिटावर काय छापायचं, कॅमेरे कुठे बसवायचे, तपासणी कोणी करायची. कायदा काही पानांचा असतो, आणि धंदा, शेजारी, रुग्ण, पालक यांचं रोजचं आयुष्य ज्याने बदलतं ते नियमांत असतं. तरीही लोक विधेयकांच्या बातम्या वाचतात आणि नियमांच्या सूचनेकडे ढुंकूनही बघत नाहीत.

त्यामुळे माग ठेवायचा तर दोन ठिकाणी. एक, ऑलिंपियातलं विधिमंडळ. तिथं बनलेला कायदा आरसीडब्ल्यू या संहितेत जातो आणि गांजाचा बराचसा भाग त्यातल्या प्रकरण ६९.५० मध्ये आहे. औषधी वापराचं प्रकरण वेगळं, ६९.५१ए. दोन, लिकर अँड कॅनॅबिस बोर्ड. राज्यपालांनी नेमलेल्या तीन सदस्यांचं हे मंडळ परवाने देतं आणि नियम करतं. हे नियम डब्ल्यूएसी या संहितेच्या प्रकरण ३१४-५५ मध्ये सापडतात. हे क्रमांक लिहून ठेवा. शोधताना विषयाच्या नावापेक्षा क्रमांक जास्त कामाला येतो, कारण २०२२ साली राज्याने आपल्या कायद्यांमध्ये ‘मारिवाना’च्या जागी ‘कॅनॅबिस’ हा शब्द घातला आणि जुने कागद जुन्याच शब्दाने नोंदलेले आहेत.

कोणाला भाग घेता येतो

कोणालाही. समितीपुढे साक्ष द्यायला किंवा नियमांवर हरकती-सूचना पाठवायला नागरिकत्वाची अट नाही, मतदार असण्याची नाही, वकील लावावा लागत नाही आणि फी नाही. लॉबीइस्ट (आमदारांचं किंवा खात्यांचं मन वळवण्याचं काम करणारा) म्हणून नोंदणी करावी लागेल का, ही शंका पुष्कळांना असते. जो माणूस फक्त समितीच्या जाहीर सुनावणीत किंवा खात्याच्या जाहीर सुनावणीत बोलतो त्याला ती नोंदणी लागू होत नाही. पगार घेऊन आमदारांच्या भेटीगाठी घेणाऱ्यांची गोष्ट निराळी.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी मात्र इथे थांबून नीट वाचावं. राज्याने काहीही ठरवलं तरी केंद्रीय कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे, आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या केंद्रीय खात्याने, स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाविषयक व्यवहार, अगदी त्या उद्योगातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जात लागणाऱ्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीला आड येऊ शकतो. साक्ष देणं, मत मांडणं हा काही गुन्हा नव्हे. पण लेखी साक्ष ही सार्वजनिक नोंद असते, आणि सुनावणीचं चित्रीकरण टीव्हीडब्ल्यू या वाहिनीच्या संग्रहात वर्षानुवर्षं राहतं. तेव्हा धोरणाबद्दल हवं तेवढं बोला. ‘मी स्वतः वापरतो’ किंवा ‘माझी त्या धंद्यात भागीदारी आहे’ हे वाक्य कॅमेऱ्यासमोर उच्चारण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. मी तर म्हणेन, लेखी मजकुरातही ते वाक्य नको.

विधेयकाचा माग

विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६०. डिसेंबरपासूनच विधेयकं आगाऊ दाखल व्हायला लागतात, म्हणून नजर ठेवायची सुरुवात डिसेंबरात करावी. विषम वर्षी अडकलेलं विधेयक मेलं असं समजू नका, पुढच्या सम वर्षी ते पुन्हा उचलता येतं. घरी रोपं लावू देण्याची विधेयकं बघा : इनिशिएटिव्ह ५०२ ने ती मुभा दिली नव्हती, आणि नंतर कितीतरी अधिवेशनांत तशी विधेयकं आली आणि कुठल्या ना कुठल्या समितीत अडकली.

विधिमंडळाची सभागृहं दोन, हाऊस आणि सिनेट. हाऊसच्या विधेयकांचे क्रमांक १००० पासून, सिनेटच्या ५००० पासून. क्रमांकाच्या आधीची अक्षरं लोक सोडून देतात, आणि तिथेच फसतात. २०२३ मधलं ई२एसएसबी ५०८० घ्या. ‘एसबी’ म्हणजे सिनेटचं विधेयक. त्याआधीचं ‘२एस’ सांगतं की समित्यांनी मूळ मजकूर बाजूला सारून पर्यायी मसुदा दिला, आणि हा दुसरा पर्यायी मसुदा आहे. अगदी पुढचा ‘ई’ म्हणजे सभागृहातच त्यात आणखी दुरुस्त्या होऊन तो एकत्र बांधला गेला. म्हणजे जानेवारीत दाखल झालेला ५०८० आणि शेवटी मंजूर झालेला ५०८० यांत क्रमांक तोच, मजकूर वेगळा. समाजमाध्यमांवर फिरणारा मसुदा बहुतेक वेळा पहिला असतो. विधेयकाच्या पानावर सगळ्या आवृत्त्या ओळीने असतात, सर्वांत अलीकडची उघडा.

त्याच पानावरचे दोन कागद मी कधी चुकवत नाही. समितीच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला बिल रिपोर्ट : सोप्या इंग्रजीत, विधेयक काय करतं, कोणी बाजूने आणि कोणी विरोधात काय सांगितलं. आणि फिस्कल नोट. नाव खर्चाचं असलं तरी ती वाचण्याचं कारण वेगळं आहे. विधेयक मंजूर झालं तर किती माणसं लागतील, संगणक प्रणालीत काय बदलावं लागेल, नवे नियम करावे लागतील का, हे खात्याला त्यात लिहून द्यावं लागतं. बोर्ड त्या कायद्याचा अर्थ कसा लावणार आहे याचा पहिला सुगावा अनेकदा तिथेच लागतो.

हाऊसमध्ये गांजाची विधेयकं बहुधा कन्झ्युमर प्रोटेक्शन अँड बिझनेस समितीकडे जातात, सिनेटमध्ये लेबर अँड कॉमर्सकडे. पैशाचा संबंध असला की पुढे अर्थविषयक समिती, मग रूल्स समिती, मग सभागृह, आणि दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच. प्रत्येक टप्प्याला कटऑफची तारीख असते, म्हणजे तोवर विधेयकाने तो टप्पा ओलांडायला हवा. बजेट अमलात आणायला आवश्यक ठरवलेल्या विधेयकांना मात्र ती लागू होत नाही, त्यामुळे कराचा विषय असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत निश्चिंत होऊ नये. दुकानातल्या विक्रीवर ३७ टक्के अबकारी कर आहे. त्याला हात लावणारं काहीही बजेटच्या वाटेने उगवू शकतं.

मंजूर विधेयकावर निर्णय घ्यायला राज्यपालांना अधिवेशन चालू असताना पाच दिवस मिळतात, अधिवेशन संपल्यावर वीस, दोन्हीत रविवार वगळून. सही केली नाही तरी ते कायदा होतं. नकाराधिकार पूर्ण विधेयकावर वापरता येतो, तसा एखाददुसरं कलम गाळण्यापुरताही. साधा कायदा अधिवेशन संपल्यावर ९० दिवसांनी लागू होतो. २०२३ चं अधिवेशन २३ एप्रिलला संपलं, म्हणून त्या वर्षीचे साधे कायदे २३ जुलैपासून. कायद्यातच वेगळी तारीख असली तर ती चालते : नोकरीआधीच्या चाचणीत गांजाचे अंश सापडले म्हणून उमेदवाराला नाकारू नये, हा २०२३ चा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, आणि त्यालाही अपवाद आहेत.

साक्ष नोंदवताना

समितीच्या साइन-इन पानावर सभागृह, समिती, तारीख आणि विधेयक निवडायचं. पर्याय तीन : प्रत्यक्ष किंवा झूमवर बोलणं; न बोलता फक्त ‘बाजूने’, ‘विरोधात’ किंवा ‘इतर’ अशी नोंद; आणि लेखी साक्ष. पहिल्या दोन्हींसाठी नोंदणी सुनावणी सुरू होण्याच्या एक तास आधी बंद होते. लेखी साक्ष सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत घेतात. नाव, पत्ता, ईमेल, फोन एवढी माहिती पुरते, ओळखपत्र लागत नाही. बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. प्रस्तावनेत ती घालवू नका. कलमाचा क्रमांक, काय बदलावं, का बदलावं, आणि बसा.

आता नियम

विधेयकावर सही झाली की वर्तमानपत्रं पुढच्या विषयाकडे वळतात आणि बोर्डाचं काम सुरू होतं. २०२० च्या कायद्याने सोशल इक्विटी योजना आणली : अमली पदार्थविरोधी मोहिमेची झळ ज्या वस्त्यांना जास्त बसली तिथल्या लोकांना परवान्यात प्राधान्य. ऐकायला छान. पण अर्जदाराला कशासाठी किती गुण मिळणार हे बोर्डाच्या नियमांत ठरलं, आणि ते नियम झाले २०२२ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी हरकती-सूचना पाठवल्या त्यांचं म्हणणं कागदावर आलं. जे २०२० मध्येच टाळ्या वाजवून घरी गेले त्यांचं आलं नाही.

नियमाची वाट तीन फॉर्मांतून जाते. सीआर-१०१ म्हणजे ‘या विषयावर नियम करायचा विचार आहे’ एवढंच. मसुदा अजून नसतो, आणि म्हणूनच मत द्यायला ही सर्वांत चांगली वेळ. त्यानंतर किमान ३० दिवस गेल्यावर सीआर-१०२ येतो : प्रत्यक्ष मसुदा, जुना मजकूर खोडलेला आणि नवा अधोरेखित, सुनावणीची तारीख आणि सूचना पाठवायची शेवटची मुदत. तो राज्याच्या राजपत्रात, म्हणजे महिन्यातून दोनदा निघणाऱ्या वॉशिंग्टन स्टेट रजिस्टरमध्ये, छापल्यावर सुनावणीपर्यंत किमान २० दिवस जावे लागतात. शेवटी सीआर-१०३, मंजूर नियम. दाखल झाल्यावर साधारणपणे ३१ दिवसांनी लागू. तातडीचा नियम असेल तर सीआर-१०३ई : सुनावणी नाही, लगेच लागू, पण १२० दिवसांपुरताच. तातडीचा नियम दिसला की कायमस्वरूपी नियमासाठी सीआर-१०१ निघाला आहे का ते तपासा, कारण तुमचं म्हणणं तिथे मांडता येतं.

आलेल्या सूचनांचा सारांश आणि त्या का स्वीकारल्या किंवा का नाकारल्या, हे बोर्डाला ‘कन्साइज एक्स्प्लनेटरी स्टेटमेंट’मध्ये लेखी द्यावं लागतं. समितीपुढच्या साक्षीला असं उत्तर मिळत नाही. म्हणून नियमावरची सूचना मुद्देसूद, उपकलमाच्या क्रमांकासह लिहावी. मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं. बोर्डाच्या ईमेल यादीत नाव घातलं की नव्या नियमांच्या जाहीर सूचना घरबसल्या मिळतात.

स्वतः नियमबदल मागायचा असेल तर

राज्याच्या कायद्यातलं कलम ३४.०५.३३० कोणत्याही व्यक्तीला खात्याकडे नियम करा, बदला किंवा रद्द करा असा अर्ज करू देतं. अर्जाचा छापील नमुना उपलब्ध आहे. त्यात तुमचं नाव-पत्ता, खात्याचं नाव, डब्ल्यूएसीचा नेमका क्रमांक, हवा असलेला बदल आणि कारणं लिहायची. शब्द न् शब्द मसुदा देण्याची सक्ती नाही, पण दिलात तर चर्चा तुमच्या मजकुरावर होते. सोबत पुरावा म्हणून पत्रं, नकाशा, खर्चाचा हिशेब, जे असेल ते जोडा. बोर्डाला ६० दिवसांत एकतर नियमप्रक्रिया सुरू करावी लागते, नाहीतर कारणांसह लेखी नकार द्यावा लागतो. नकार आला तर ३० दिवसांत राज्यपालांकडे दाद मागता येते. पुष्कळ अर्ज नाकारले जातात हे खरं. पण नकाराच्या पत्रातली कारणं पुढच्या अधिवेशनात आमदाराला दाखवायला फार उपयोगी पडतात.

आतले कागद हवे असतील तर सार्वजनिक नोंदींची मागणी करा. खात्याने कामकाजाच्या पाच दिवसांत काहीतरी उत्तर द्यायचं असतं, निदान कागद कधी मिळतील हे तरी. सहसा कारण सांगावं लागत नाही. मागणी जितकी नेमकी तितके कागद लवकर : ‘गांजाबद्दल सगळं’ मागितलंत तर हप्त्याहप्त्याने महिनोन्महिने येत राहील.

बोर्डाखेरीजची खाती

औषधी वापराच्या रुग्णांची नोंद आरोग्य खात्याकडे, हेंप (नशा न आणणारी गांजाची जात) शेती आणि गांजाच्या चाचणी प्रयोगशाळांची मान्यता कृषी खात्याकडे. सीआर फॉर्म तेच, ईमेल याद्या वेगळ्या.

आणि शहर-काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग). २०१४ च्या जानेवारीत राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) मत दिलं की इनिशिएटिव्ह ५०२ मुळे स्थानिक संस्थांचा बंदी घालण्याचा अधिकार जात नाही, आणि काही ठिकाणी तशी बंदी आहे. शाळा आणि खेळाच्या मैदानांपासून १,००० फुटांचं अंतर राज्याने पक्कं ठेवलंय. बागा, वाचनालयं, पाळणाघरं यांच्याबाबत ते १०० फुटांपर्यंत कमी करायची मुभा शहराला आणि काउंटीला आहे. तुमच्या गल्लीच्या टोकाला दुकान येणार असेल तर बोर्ड शहराला किंवा काउंटीला परवान्याच्या अर्जाची सूचना पाठवतं आणि लेखी हरकतीसाठी त्यांना २० दिवस देतं. हे २० दिवस शहराच्या हातात असतात, तुमच्या नव्हे. म्हणून पत्र बोर्डाला पाठवाच, पण पहिली प्रत सिटी क्लार्ककडे पहिल्या आठवड्यातच गेलेली बरी.