आधी मोजायचे, मग बदलायचे: इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन प्रशिक्षणाची माहिती

चौकशीला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "किती दिवसांत दुरुस्ती यायला लागेल?" खरे उत्तर असे की सोल्डरिंग हातात बसायला काही आठवडे पुरतात. बिघाड शोधता येणे हे लांबचे काम आहे आणि आमच्या प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ त्यातच जातो. एकेक भाग बदलत सुटले की यंत्र कधीतरी चालू होतेच. पण ते बंद का पडले होते हे कळत नाही, आणि मग तेच यंत्र काही दिवसांनी पुन्हा टेबलावर येते.

एक उदाहरण घेऊ. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बंद पडला आहे. प्लग काढून झाकण उघडायचे आणि आधी नुसते बघायचे: फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), काळवंडलेला रेझिस्टर (करंट अडवणारा भाग), जळका वास. मग फ्यूज. काचेचा फ्यूज आतून काळा किंवा चंदेरी झाला असेल तर पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे, बहुधा ब्रिजचे, म्हणजे एसीचे डीसी करणारे डायोड किंवा मॉस्फेट, म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. तो शॉर्ट न शोधता नवा फ्यूज टाकला तर तोही उडणार.

फ्यूज शाबूत असेल तर शिक्षक शेजारी उभे असताना पुरवठा देऊन मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज मोजायचे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिथे साधारण ३२५ व्होल्ट डीसी मिळायला हवेत. समजा ते मिळाले, पण बाहेर १२ व्होल्ट येत नाहीत, नुसता दिवा लुकलुकतो आहे. इथे नवखा विद्यार्थी कंट्रोलर आयसी, म्हणजे अ‍ॅडॉप्टरचे काम चालवणारी चिप, बदलायला धावतो. आम्ही त्याला थांबवून त्या आयसीला पुरवठा देणारा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दाखवतो. सुरुवातीला जास्त ओहमच्या रेझिस्टरमधून आलेल्या करंटने हा कपॅसिटर हळूहळू भरतो आणि आयसी सुरू होतो. कपॅसिटर सुकला असेल तर आयसी सुरू होताच व्होल्टेज कोसळते, आयसी बंद पडतो, कपॅसिटर पुन्हा भरू लागतो. दिव्याचे लुकलुकणे त्यातूनच येते. फसगत अशी की साध्या मीटरवर अशा कपॅसिटरची क्षमता बऱ्याचदा ठीकच दिसते. वाढलेला असतो त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, आणि तो मोजायला वेगळा मीटर लागतो. कपॅसिटर सुकला कशाने, हाही प्रश्न विचारायचाच. उष्णतेने. तापमान १० अंशांनी कमी झाले की अशा कपॅसिटरचे आयुष्य दुपटीच्या आसपास जाते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून तिथे ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचा कपॅसिटर बसवावा. ही सगळी साखळी ज्याला समजली, तो पुढे टीव्हीच्या पॉवर सप्लायला घाबरत नाही.

जिवाची काळजी

याबाबत आम्ही कुणालाही सवलत देत नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून तो उडवायची पद्धत आमच्याकडे चालत नाही. दोनतीन किलोओहमचा, ५ ते १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींनी लावून चार्ज उतरवायचा आणि मग मीटरने खात्री करायची. पुरवठा चालू ठेवून काम करायचे तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन लाइनपासून वेगळा पुरवठा देणारा ट्रान्सफॉर्मर, हवाच. दुरुस्त केलेला बोर्ड पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत ओळीने जोडलेला साधा बल्ब, लावायचा, म्हणजे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि बोर्ड वाचतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत २००० व्होल्टच्या वर दाब असतो. हा ओव्हन आम्ही अगदी शेवटी शिकवतो, आणि एकट्याने कधीच उघडू देत नाही.

बोर्डाचीही काळजी असते. अंगावरची स्थिर वीज साधारण ३००० व्होल्टच्या खाली असेल तर आपल्याला जाणवतही नाही, पण काही नाजूक भाग १०० व्होल्टलाही खराब होतात. त्यासाठी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या सुरक्षेसाठी. चुकून चालू तारेला हात लागला तर पट्ट्यातून मोठा करंट जाऊ नये म्हणून.

हात, मीटर आणि थोडे गणित

शिसे असलेले ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते, बिनशिशाचे २१७ ते २२० अंशांच्या आसपास. नव्या बोर्डांवर बहुधा बिनशिशाचे सोल्डर असते, म्हणून तिथे काम करताना बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचे टोक, जास्त तापवावे लागते. सोल्डर बिटवर वितळवून जोडावर थापले तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, होतो. वरून तो जोड नीट दिसतो आणि महिन्याभराने कधी चालतो, कधी बंद पडतो. बिटने पॅड (बोर्डावरची तांब्याची जागा) आणि भागाचा पाय दोन्ही तापवायचे आणि सोल्डर जोडाला लावायचे.

मल्टिमीटर घेतल्यावर सर्वांत महाग पडणारी चूक एकच: करंट मोजल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच ठेवून व्होल्टेज मोजायला जाणे. तसे केले तर मीटर थेट शॉर्ट लावतो. आमच्याकडे मीटर हातात घेतला की आधी सॉकेटकडे बघायची सवय लावली जाते. दुसरी एक उपयोगी गोष्ट: पुरवठा बंद करून आणि कपॅसिटर रिकामे करून बोर्डावरच रेझिस्टर मोजला आणि ओहमची किंमत कमी आली, तर ती समांतर जोडलेल्या भागांमुळे असू शकते. किंमत बरीच जास्त आली तर तो रेझिस्टर गेला असे समजावे.

गणित म्हणाल तर ओहमचा नियम, अपूर्णांक, टक्केवारी. जॉर्ज ओहम यांनी हा नियम १८२७ साली मांडला आणि आजही रोज तोच लागतो. रंग ओळखायला अडचण असेल तरी संकोच करू नका. रेझिस्टरचे पट्टे वाचता आले नाहीत तर मीटरने मोजता येतात. डेटाशीट, म्हणजे भागाचे माहितीपत्रक, बहुधा इंग्रजीत असते, पण त्यातले नेहमीचे शब्द मोजकेच आहेत आणि ते आम्ही शिकवतो.

पुढे काय

दुरुस्तीचे टेबल हा एक रस्ता. कारखान्यात बोर्डांची तपासणी, रुग्णालयातील उपकरणांची देखभाल, सोलर इन्व्हर्टर, यंत्रांचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणे) आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) असे इतरही आहेत. वैद्यकीय उपकरणांसाठी पुढचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. मोबाइलच्या बोर्डावरचे काम बारीक असते. तिथे १ बाय अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान भाग मायक्रोस्कोपखाली बसवावे लागतात. सुरुवात तिथून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या दिवशी एक जाड वही आणा. लक्षण, घेतलेली मापे आणि सापडलेले कारण त्यात रोज लिहायचे आहे. सोबत बंद पडलेली एखादी वस्तू आणा, बॅटरीवर चालणारी आणि उघडताना तुटली तरी चालेल अशी. चार्जर आणि टीव्ही सध्या घरीच ठेवा.