ऑफसेट (लढाऊ विमानांच्या सौद्यांतील)

ऑफसेट : परदेशी सरकारला लढाऊ विमाने विकताना, किमतीचा ठरावीक हिस्सा खरेदीदार देशातच खर्च करण्याची किंवा गुंतवण्याची विक्रेत्याने पत्करलेली बांधिलकी. विकल्या जाणाऱ्या विमानाचेच भाग खरेदीदार देशात बनवले, तर तो प्रत्यक्ष ऑफसेट. त्या विमानाशी संबंध नसलेला माल, गुंतवणूक किंवा प्रशिक्षण दिले, तर अप्रत्यक्ष. भारतीय नियमांत नागरी विमानांचे भागही ग्राह्य धरले जातात. म्हणूनच राफेल या लढाऊ विमानाच्या कराराचा एक धागा नागपूरच्या दक्षिणेला, खापरी-दहेगावच्या शिवारात उभ्या राहिलेल्या मिहान या मालवाहतूक-विमानतळ व औद्योगिक प्रकल्पात, फाल्कन या व्यावसायिक जेटच्या सुट्या भागांपर्यंत पोहोचतो.

उगम : या प्रथेच्या आरंभाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ १९६१ च्या अमेरिका-पश्चिम जर्मनी करारात आहे. जर्मनीत तैनात अमेरिकी सैन्यामुळे अमेरिकेचे परकीय चलन बाहेर जात होते. त्याची भरपाई म्हणून जर्मनीने अमेरिकी शस्त्रे विकत घ्यावीत, असे ठरले. मात्र इथे बांधिलकी खरेदीदाराची होती, विक्रेत्याची नव्हे. आजच्या अर्थाने पाहिले तर प्रवाह उलटा होता, त्यामुळे या कराराला आरंभ मानणे थोडे ओढूनताणून वाटते. दुसरे मत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एफ-१०४ स्टारफायटरच्या परवाना-उत्पादनाकडे बोट दाखवते. पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, इटली, कॅनडा आणि जपान यांनी हे विमान आपापल्या कारखान्यांत बांधले. कॅनडा-अमेरिका संरक्षण उत्पादन करारालाही (१९५९) काहीजण हा मान देतात. विक्रेत्याच्या डोक्यावर टक्केवारीत मोजलेली बांधिलकी असा आजचा साचा मात्र १९७५ साली पक्का झाला, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

त्या वर्षी बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी मिळून ३४८ एफ-१६ विमाने निवडली. फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन स्पर्धेत मागे पडले. चार देशांना मिळालेले वचन असे : त्यांच्या स्वतःच्या विमानांच्या किमतीपैकी ४० टक्के, अमेरिकी हवाई दलाच्या पहिल्या ६५० विमानांपैकी १० टक्के आणि तिसऱ्या देशांना विकल्या जाणाऱ्या विमानांपैकी १५ टक्के काम युरोपीय कारखान्यांना. जोडणी बेल्जियममध्ये गोस्लीला आणि नेदरलँड्समध्ये स्किपोलला झाली. 

विक्रीवरील राजकीय नियंत्रण : विमान विकले तरी त्याचा दोर विक्रेत्या सरकारच्या हाती राहतो. अमेरिकेत १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्यानुसार ठरावीक रकमेवरचे सौदे पक्के होण्याच्या काही दिवस आधी काँग्रेसला (संसदेला) कळवावे लागतात. नाटो देशांसाठी ही मुदत १५ दिवसांची, बहुतेक इतरांसाठी ३० दिवसांची. इंजिन अमेरिकी असेल तर दुसऱ्या देशाच्या विमानाची विक्रीही अडवता येते. इस्राएलचे क्फीर विमान इक्वाडोरला विकण्यास कार्टर प्रशासनाने १९७७ मध्ये मनाई केली, कारण त्यात जे-७९ इंजिन होते. २०२० मध्ये दक्षिण कोरियाला एफए-५० विमान अर्जेंटिनाला देता आले नाही, ते त्यातील ब्रिटिश भागांमुळे. भारताच्या तेजसमधील एफ-४०४ इंजिन अमेरिकी असल्याने तेजसच्या निर्यातीलाही हाच पेच लागू होतो.

पैसे भरूनही विमान न मिळाल्याचे सर्वांत बोलके उदाहरण पाकिस्तानचे. अणुकार्यक्रमाच्या कारणावरून १९९० मध्ये पाकिस्तानची शस्त्रमदत रोखणारी प्रेसलर दुरुस्ती (अमेरिकी कायद्यातील) लागू झाली आणि पाकिस्तानने मागवलेली २८ एफ-१६ विमाने अमेरिकेत अडकली. तयार झालेली विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. १९९८ च्या तडजोडीत भरपाई रोख आणि काही प्रमाणात गहू वगैरे मालाच्या रूपात झाली. तुर्कस्तानला रशियन एस-४०० क्षेपणास्त्रप्रणाली घेतल्यामुळे २०१९ मध्ये एफ-३५ कार्यक्रमातून काढण्यात आले. तेथील कारखाने तोवर या विमानाचे भाग बनवत होते. म्हणजे विमानसौद्यातून आलेले कामही राजकारण फिरले की निघून जाते. स्वित्झर्लंडमध्ये हा निर्णय थेट मतदारांकडे गेला. मे २०१४ मध्ये त्यांनी स्वीडनचे ग्रिपेन विमान नाकारले. सप्टेंबर २०२० मध्ये ६ अब्ज फ्रँकच्या विमानखरेदीला ५०.१ टक्के मतांनी निसटती मान्यता दिली.

लाच आणि चौकशा : लॉकहीड या अमेरिकी विमानकंपनीच्या लाचप्रकरणाने (१९७६) नेदरलँड्सचे प्रिन्स बर्नहार्ड व जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका अडचणीत आले आणि १९७७ मध्ये अमेरिकेत परदेशी लाचविरोधी कायदा झाला. ब्रिटन-सौदी अरेबियाच्या अल-यमामा या लढाऊ विमानांच्या सौद्याची चौकशी ब्रिटिश सरकारने डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्रहिताचे कारण देऊन थांबवली. ऑस्ट्रियाच्या युरोफायटर खरेदीत (२००३) ऑफसेट करारमूल्याच्या २०० टक्के धरला होता. तो आकडा आणि त्यामागची दलालीच पुढे चौकशीचा विषय झाली. विमानाच्या किमतीवर सगळ्यांची नजर असते, ऑफसेटच्या फाइलकडे फारसे कोणी पाहत नाही. गैरव्यवहाराला तिथे अधिक वाव मिळतो तो त्यामुळे.

मालाच्या रूपात मोबदला : मलेशियाने २००३ च्या सुखोई-३० सौद्याचा काही भाग पामतेलाने फेडला. इंडोनेशियाने २०१८ च्या सुखोई-३५ करारात निम्मी रक्कम कॉफी, पामतेल, रबर अशा मालातून देण्याचे ठरवले होते, पण ती विमाने आलीच नाहीत. भारताने सोव्हिएत मिगसाठी मोजलेले रुपये सोव्हिएत संघ चहा, तंबाखू, चामडे अशा भारतीय मालावर खर्च करी. सोव्हिएत संघाबरोबर ही व्यवस्थाही संपली.

भारतातील नियम : २००५ च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत ऑफसेट प्रथम आला. ३०० कोटी रुपयांवरील परदेशी खरेदीत किमान ३० टक्के असे प्रमाण होते. २०१६ मध्ये मर्यादा २,००० कोटींवर नेली गेली. १२६ मध्यम लढाऊ विमानांच्या निविदेत (२००७) आणि नंतरच्या ३६ राफेलच्या करारात ऑफसेटचे प्रमाण ५० टक्के होते. मोजणीचे काम संरक्षण मंत्रालयाचा ऑफसेट व्यवस्थापन विभाग करतो.

मोजणी कशी होते हे समजल्याशिवाय कराराच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. राफेल कराराच्या काळच्या नियमांत ग्राह्य धरली जाई ती भारतात झालेली मूल्यवृद्धी. उदा., परदेशी कंपनीने १०० रुपयांचा भाग भारतात विकत घेतला आणि त्यात ६० रुपयांचा धातू आयात केलेला असेल, तर जमा होतात ४० रुपये. विकणारा लघुउद्योग असेल तर १.५ चा गुणक लागून ते ६० होतात. संरक्षण संशोधन संस्थेला (डीआरडीओ) हवे असलेले तंत्रज्ञान दिल्यास गुणक ३ पर्यंत जाऊ शके. मोठ्या भागीदारी कंपनीला लघुउद्योगाचा गुणक नाही. ठरलेल्या वर्षी पूर्तता न झाल्यास उणिवेच्या ५ टक्के दंड बसतो. मूळ कराराच्या मुदतीत एकूण दंडाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. इतका दंड विक्रेता आधीच किमतीत धरू शकतो, ही यातील उघड पळवाट. जादा पूर्तता पुढच्या करारासाठी शिल्लक म्हणून ठेवता येते.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२० चा अहवाल या साऱ्याचा हिशेब मांडतो. २००५ ते मार्च २०१८ या काळात ४६ ऑफसेट करार झाले. त्यांचे मूल्य ६६,४२७ कोटी रुपये. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता व्हायला हवी होती. विक्रेत्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा आणि मंत्रालयाने त्यातले ५,४५७ कोटी मान्य केले. परदेशी विक्रेत्याने भारतीय उद्योगाला उच्च तंत्रज्ञान दिल्याचे एकही प्रकरण लेखापरीक्षणात आढळले नाही. राफेलच्या विक्रेत्यांनी ३० टक्के ऑफसेट डीआरडीओला तंत्रज्ञान देऊन फेडण्याचा प्रस्ताव ठेवला होता. त्यात तेजससाठीच्या कावेरी इंजिनाला मदत अपेक्षित होती, पण अहवालापर्यंत ते तंत्रज्ञान देण्याचे विक्रेत्याने निश्चित केले नव्हते.

राफेल आणि मिहान : ३६ राफेलची घोषणा १० एप्रिल २०१५ रोजी पॅरिसमध्ये झाली, २३ सप्टेंबर २०१६ रोजी सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा आंतरसरकारी करार झाला. दासो (राफेल व फाल्कन बनवणारी फ्रेंच कंपनी) आणि रिलायन्स समूह यांच्या भागीदारी कंपनीची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मिहानमध्ये झाली. भारतीय भागीदाराच्या निवडीवरून २०१८ मध्ये वादळ उठले. फ्रान्सचे माजी अध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांनी भागीदार निवडण्यास आपल्याला वाव नव्हता असे म्हटले, तर निवड आपलीच असल्याचे दासोने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी चौकशीची मागणी फेटाळली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचार याचिकाही नाकारल्या. वादात हा कारखाना बहुधा राफेलचा कारखाना म्हणूनच रंगवला गेला. वास्तविक ३६ ही विमाने फ्रान्समधून बांधून आली आणि मिहानमध्ये सुरुवात फाल्कन २००० च्या पुढच्या, कॉकपिटकडील भागापासून झाली.

नागपूरला हवाई उद्योगाची पार्श्वभूमी आधीपासून होती. वायुसेनानगरात हवाई दलाच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय आहे. एअर इंडियाच्या ६८ विमानांच्या खरेदीच्या बदल्यात बोइंगने देखभाल-दुरुस्ती केंद्र मिहानमध्येच उभारले. तो सौदा नागरी होता, परंतु ‘विमाने घेतो, कारखाना द्या’ हा व्यवहार विदर्भात प्रथम त्यातूनच आला.

पुरवठासाखळी व तीतील अडथळे : हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराला या साखळीत शिरायचे तर गुणवत्ता व्यवस्थेचे एएस-९१०० प्रमाणपत्र लागते. उष्णता-प्रक्रिया, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणे) यांसारख्या कामांसाठी नॅडकॅप मान्यता वेगळी. ती जवळपास कोणाकडे नसेल तर जॉब (घडवला जाणारा भाग) दूरच्या शहरात पाठवावा लागतो आणि वाहतुकीत पृष्ठभागावर ओरखडा पडला तरी नाकारला जातो. पहिल्या जॉबची एएस-९१०२ नुसार तीन प्रपत्रांत संपूर्ण तपासणी होते. ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला क्रमांक देऊन प्रत्यक्ष माप नोंदवतात. धातूच्या प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर (तो ज्या घाण्यात वितळवला त्याचा क्रमांक) धातूच्या कारखान्यापासून तयार भागापर्यंत जुळला पाहिजे. तो तुटला, तर माप कितीही अचूक असो, माल भंगार.

ॲल्युमिनियमच्या जाड पाट्यातून विमानाची बरगडी कोरताना बहुतांश धातू चुऱ्यात जातो. पाट्यात दडलेला ताण मोकळा होऊन जॉब शिकंज्यातून सुटताच वाकतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी ओबडधोबड कापून, जॉब मोकळा ठेवून, मग अखेरची कापणी करतात आणि ताण काढलेला ७०५०-टी७४५१ सारखा पाटा वापरतात. विदर्भाच्या उन्हाळ्याची अडचण निराळीच. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते. ४० अंशांच्या शेडमध्ये मोजलेला मीटरभर जॉब म्हणून जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांब भरतो, आणि मापातील चुकीला सूट अनेकदा एक दशांश मिलिमीटरचीही नसते. जॉब वातानुकूलित खोलीत काही तास ठेवून मगच मोजणीयंत्रावर चढवावा लागतो. वीज गेली की ही सगळी तयारी पहिल्यापासून. त्यात पैसे दोन-तीन महिन्यांनी मिळतात आणि धातू मात्र आगाऊ रक्कम देऊन घ्यावा लागतो. लहान कारखाने बहुधा यंत्रावर अडत नाहीत, खेळत्या भांडवलावर अडतात.

जमीन आणि गावे : मिहानसाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव या गावांच्या शेतजमिनी प्रकल्पात आल्या. मोबदल्याचा दर, पुनर्वसनातील भूखंड आणि घरटी नोकरी या मागण्यांवरून वर्षानुवर्षे आंदोलने झाली. नोकरीचा प्रश्न ऑफसेटच्या स्वरूपाशी जोडलेला आहे. कराराचे मूल्य हजारो कोटींचे असले, तरी विमानाच्या भागांचे उत्पादन यंत्रप्रधान असते. माणसे थोडी आणि प्रशिक्षित लागतात. आयटीआयमधून फिटर किंवा मशिनिस्ट होऊन आलेल्या मुलाला तिथे जागा असते. सातबारा दिलेल्या, पन्नाशीतल्या कापूस उत्पादकाच्या वाट्याला पहारा, साफसफाई, बागकाम अशी कंत्राटी कामेच येण्याची शक्यता जास्त. ऑफसेटच्या हिशेबात जमिनीचा किंवा स्थानिक रोजगाराचा वेगळा रकाना नाही. विक्रेत्याला त्यासाठी जादा श्रेय मिळत नाही, त्यामुळे त्याला आस्थाही नसते.

मूल्यमापन : ऑफसेटमुळे देशी उद्योग उभा राहतो, असे समर्थक म्हणतात आणि १९७५ चा एफ-१६ करार पुढे करतात. विरोधकांचे म्हणणे असे की विक्रेता हा खर्च किमतीतच वसूल करतो. बेल्जियमच्या बाबतीत ही वाढ २० ते ३० टक्के धरली जाते. युर्गेन ब्राउअर आणि पॉल डन या अर्थशास्त्रज्ञांच्या तौलनिक अभ्यासात टिकाऊ रोजगार व तंत्रज्ञान क्वचितच आढळले. भारतातील लेखापरीक्षणाचे आकडे या दुसऱ्या मताला अधिक पुष्टी देतात.

२०२० च्या कार्यपद्धतीने आंतरसरकारी आणि एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीतून ऑफसेटची अट काढून टाकली. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-मरीनचा करार झाला, तेव्हा टक्केवारीऐवजी राफेलचे धड भारतात बनवणे आणि इंजिन व शस्त्रांची देखभाल येथे करणे अशी थेट कामे लिहिली गेली. धडाचे काम जून २०२५ मध्ये हैदराबादच्या टाटा कारखान्याला देण्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात फाल्कन २००० ची संपूर्ण जोडणी नागपूरला करण्याचे ठरले असून पहिल्या विमानासाठी २०२८ हे वर्ष सांगण्यात आले आहे.