सामन्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका
कबड्डी, खो-खो आणि फुटबॉल संघांसाठी आमच्या लॅबचं माहितीपत्रक

रविवारी सामना आणि सोमवारी सकाळी अख्खा संघ लॅबच्या दारात, तोही कडकडीत उपाशी. ‘उपाशीपोटी यायचं ना?’ हे सगळेच विचारतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, सीके यांना उपास लागत नाही. विश्रांती लागते.

सीके हे स्नायूंतलं एन्झाइम. पकडी, डॅश, स्प्रिंट यांत स्नायूंना मार बसला की ते रक्तात उतरतं आणि एक ते तीन दिवसांत सर्वात वर जातं. एरवी 200 च्या आसपास असणारा आकडा 1000 च्या पुढे गेलेला दिसतो. एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्सही स्नायूंतून येतात. तीही वाढतात आणि घरचे कावीळ समजून घाबरतात. मग पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. पण अंगात सूज असली किंवा नुकताच ताप येऊन गेला असला, की ते उगाच वाढतं. साठा 30 च्या खाली गेलेली खेळाडू मग रिपोर्टात ‘नॉर्मल’ ठरते. म्हणून आम्ही फेरिटिनसोबत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्तचाचणी, सुचवतो. बिल फुगवायला नाही. नुसत्या हिमोग्लोबिनवरही जाऊ नका. भरपूर सरावाने रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे ते थोडं कमी दिसू शकतं.

रविवारच्या सामन्यानंतर गुरुवारी सकाळी 7 ते 10 मध्ये, सरावाआधी या. मधले दिवस हलका सराव. पाणी पिऊन या, 10 मिनिटं बसा. मूठ सारखी उघडझाप करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. त्या दिवशीची लोहाची गोळी रक्त दिल्यावर घ्या. क्रिएटिन किंवा बायोटिन चालू असेल तर आधी सांगा: पहिल्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढतं, दुसऱ्याने थायरॉइड, हार्मोनचे आकडे बिघडू शकतात.

सोमवारी आलेल्यांना आम्ही परत पाठवतो, काहींना राग येतो. प्रशिक्षकांना थकवाच मोजायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दर वेळी सामन्यानंतर तेवढ्याच तासांनी रक्त घेऊ आणि प्रत्येकाचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडू. दुसऱ्या खेळाडूशी तुलना करून काही कळत नाही. जुने रिपोर्ट आमच्याकडे एकाच तक्त्यात मिळतात.

12 किंवा जास्त खेळाडू असतील तर आम्ही मैदानावर येतो. नोंदणी करताना शेवटच्या सामन्याची तारीख सांगा.