‘ग्वेनल्हिअन’मधला ‘ल्ह’

वेल्समधलं हे मुलीचं जुनं नाव मराठीत असं लिहावं लागतं खरं, पण त्यातल्या ‘ल्ह’ला फसू नका. ‘कोल्हा’ म्हणताना गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर जाणवते. वेल्श ‘ल्ह’मध्ये ती मुळीच नसते. जीभ ‘ल’साठी लावतो तशीच वरच्या दातांमागे टेकवा, टोक हलू देऊ नका आणि आवाज न काढता नुसती हवा सोडा. हवा जिभेच्या कडेने, गालाजवळून घासत बाहेर येते. टोक सुटलं की ‘स’ किंवा ‘श’ होतो. घाई केली की ‘थ्ल’ नाहीतर ‘क्ल’. जोर ‘ल्हि’वर, कारण वेल्शमध्ये आघात बहुधा शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर पडतो.

रोमन लिपीत या ध्वनीसाठी दोन ‘एल’ लिहितात, पण वेल्श वर्णमालेत ते एकच अक्षर आहे. शब्दकोड्यात त्याला एकच चौकोन मिळतो. इंग्रजी जिभेला तो पेलला नाही. ‘करडा’ अशा अर्थाच्या एकाच वेल्श शब्दातून त्यांची ‘लॉइड’ आणि ‘फ्लॉइड’ ही दोन आडनावं निघाली.

नावातलं ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी, गोरी, पवित्र. पुल्लिंगी रूप ‘ग्विन’. आपण ‘पांढरा-पांढरी’ करताना शेवट बदलतो, तिथे मधला स्वर बदलतो. समासात दुसऱ्या जागी आलं की ‘ग’ गळतो, म्हणून ओल्वेन, ब्रॉन्वेन. वेल्सबाहेर सर्रास लिहिलं जाणारं ‘ब्रॉन्विन’ व्याकरणाने पुरुषाचं ठरतं! उरलेल्या ‘ल्हिअन’चा संबंध कुणी तागाच्या कापडाशी जोडतं, कुणी वाहत्या पाण्याशी.

1136 मध्ये दक्षिण वेल्समधल्या किडवेलीजवळ, चालून आलेल्या नॉर्मनांशी लढताना पडलेली राजकन्या याच नावाची. दुसरी 1282 मध्ये जन्मली, वेल्सचा राजपुत्र ल्हुवेलिनची एकुलती लेक. आई बाळंतपणात गेली, बाप त्याच डिसेंबरात मारला गेला. वारस उरू नये म्हणून इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने या तान्ह्या मुलीला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात धाडलं. 1337 मध्ये ती तिथेच वारली. मठातल्या इंग्रजांनी तिचं नाव ‘वेन्सिलिअन’ असं लिहून ठेवलंय: ‘ग’ गेला, ‘ल्ह’चा ‘सिल’ झाला.

2009 मध्ये वेल्समधल्या स्नोडोनिया या डोंगराळ भागातल्या 926 मीटर उंचीच्या एका शिखराला तिचं नाव दिलं. नकाशावर ते दोन्ही ‘एल’सकट छापलं आहे.