भास्कराचार्यांचा सहा आणि त्यापुढचे आठ, दहा

नाशिकमध्ये गणिताचा विषय निघाला की देवळालीचे कापरेकर मास्तर आणि त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ६१७४ हा अंक आठवतोच. गोलाच्या गोष्टीसाठी मात्र जरा पूर्वेला, चाळीसगावजवळच्या पाटणला जावं लागतं. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, असं सांगणारा शके ११२८ चा शिलालेख तिथे आहे. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) हे नियम जवळजवळच येतात. परिघाला व्यासाने गुणून चाराने भागलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ मिळतं. गोलाच्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ.

दोन मितींत (लांबी, रुंदी) चार, मग तीन मितींत (उंचीही आली) सहा. पुढे आठ येतो का? येतो. चार मितींच्या गोलाचं ‘पृष्ठ’ व्यासाने गुणून आठाने भागायचं, पाच मितींत दहाने. (यावरून आपल्या पूर्वजांना चौथी मिती ठाऊक होती असं कुणी फॉरवर्ड करू नये, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता.)

तो विचारता आला, कारण मधल्या काळात भूमिती आकड्यांत उतरली. देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर बिंदू म्हणजे अंकांची जोडी किंवा त्रिकूट, असं लिहायची रीत पडली. मग चार अंक घेतले तर अडतं कुठे? गोल म्हणजे केंद्रापासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू, आणि अंतर काढायला वर्गांची बेरीज पुरते. नजरेसमोर काही आणायची गरज नाही.

तरी हे पचायला वेळ लागला. स्वित्झर्लंडच्या लुडविग श्लेफ्लीने १८५०-५२ च्या सुमारास, म्हणजे नाशिकचं आपलं सार्वजनिक वाचनालय (सावाना) सुरू होऊन दहा-बारा वर्षं झाली असताना, अनेक मितींच्या भूमितीवर मोठा प्रबंध लिहिला. चार मितींत सुसम (सगळ्या बाजू-कोन सारखे असलेल्या) घनाकृती सहा आणि त्यापुढे प्रत्येक मितीत फक्त तीन, हे त्याने दाखवलं. तो पूर्ण छापला गेला १९०१ मध्ये. श्लेफ्ली १८९५ लाच गेला होता.

खरी गंमत घनफळात आहे. त्रिज्या १ धरली तर दोन मितींपासून आकडे असे येतात: ३.१४, ४.१९, ४.९३, ५.२६. वाढतच जाणार असं वाटतं, पण पाच मितींपाशी चढ संपतो आणि उतार लागतो. वीस मितींत उरतं सुमारे ०.०२६. या गोलाला चपखल बसणारी चौकोनी पेटी मात्र फुगत जाते. वीस मितींत तिला दहा लाखांहून जास्त कोपरे असतात, आणि गोल तिचा जेमतेम चार कोटींवा भाग व्यापतो. जागा सगळी कोपऱ्यांत जाते. तीन मितींवर पोसलेली आपली अंतःप्रेरणा इथे सपशेल आपटते.

म्हणूनच सारख्या आकाराचे गोल जास्तीत जास्त दाटीने रचण्याचा प्रश्न इतका चिवट ठरला. फळवाला मोसंबी रचतो त्या पद्धतीहून दाट रचना नाही, असा केप्लरचा १६११ चा अंदाज. त्यात ७४ टक्के जागा भरते. थॉमस हेल्सने त्याची सिद्धता संगणकाच्या मदतीने १९९८ मध्ये दिली. वरच्या मितींत तर अशी आशाच कमी होती. पण मार्च २०१६ मध्ये युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्काने आठ मितींचा प्रश्न एकटीने सोडवला, आणि आठवड्याभरात चार सहकाऱ्यांसह चोवीस मितींचाही. त्या चौघांत आपले अभिनव कुमार होते. सिद्धतेत वापरलेली फलं (फंक्शन्स) पाहिली तर ओळखीची निघतात: रामानुजन यांनी १९१६ च्या निबंधात ज्यांचे परस्परसंबंध मांडले, तीच.

आठ मितींतल्या त्या सर्वोत्तम रचनेत प्रत्येक गोलाला २४० शेजारी टेकतात, चोवीस मितींत १,९६,५६०. तरी भरलेली जागा अनुक्रमे २५ टक्के आणि ०.२ टक्क्यांहूनही कमी. आठ आणि चोवीस सुटले ते तिथल्या विलक्षण सममितीमुळे. चार मितींत सर्वांत दाट वाटणारी रचना माहीत आहे, पण तिच्याहून दाट नाहीच, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.