खाऱ्या पाण्यातला अळणी मासा

सिएटलला राहणाऱ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. अंगात रेनकोट, पायाखाली होडी आणि दोन्ही हातांत चांदीसारखा चकाकणारा चिनूक साल्मन, सुट्टीच्या दिवशी प्युजेट साऊंडमध्ये गळ टाकून पकडलेला. अंगठे आणि टाळ्या येऊन गेल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या काकांनी विचारलं, "समुद्रातला मासा हाय, मंग खारट नाही लागत काय जी?" सगळे हसले. सावजी रस्स्यात पडल्यावर खारट काय नि अळणी काय, असंही कुणी लिहिलं. मग विषय लग्नाच्या तारखेवर गेला.

काकांचा प्रश्न हसण्यासारखा अजिबात नाही. रोहू, कतला, मरळ खाऊन वाढलेल्या आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या नागपूरकराला तो पडायलाच हवा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे आपल्या रक्ताच्या जवळपासच. सुरमई असो, पापलेट असो की साल्मन, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही मासा खारट होत नाही. रस्स्यात मीठ आपल्यालाच घालावं लागतं. (मुशीची गोष्ट वेगळी. शार्कच्या कुळातले मासे रक्तात युरिया साठवून समुद्राशी बरोबरी करतात, म्हणून शिळ्या मुशीला अमोनियाचा वास मारतो.)

या कोड्यासाठी साल्मनइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तो दोन्ही पाण्यांत राहतो. प्युजेट साऊंड म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात खोलवर शिरलेला प्रशांत महासागराचा फाटा. त्याला कितीतरी नद्या मिळतात. त्या नद्यांत साल्मन जन्मतो, लहानपणीच समुद्र गाठतो, जातीप्रमाणे एक ते पाच वर्षं तिथे चरून मोठा होतो आणि अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परततो. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम या प्रशांत महासागरातल्या जाती अंडी घालून झाल्या की मरतात. नदीत शिरल्यावर मासा खाणं सोडतो, आतडं आक्रसतं. किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात असेपर्यंत मात्र तो हेरिंगच्या थव्यांवर तुटून पडत असतो. म्हणून हौशी लोक त्याला तिथेच गाठतात.

पद्धत तशी सोपी आहे. होडी चालत्या माणसाच्या वेगाने न्यायची, गळाची दोरी मागे सोडायची. आमिष खोल जावं म्हणून वेगळ्या तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा लावतात. मासा लागला की दोरी त्या गोळ्यापासून आपोआप सुटते. आमिषाच्या पुढे एक चकचकीत पट्टी गिरक्या घेत असते. नदीत हाती आलेल्या माशाच्या अंगावर समुद्री उवा दिसल्या तर जाणकार खूश होतात. हे परजीवी गोड्या पाण्यात काही दिवसांतच गळून पडतात, तेव्हा उवा म्हणजे मासा समुद्रातून नुकताच आल्याचा दाखलाच.

खरी गंमत नियमांमध्ये आहे. प्युजेट साऊंडमधला रानटी चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे. मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर आधीच कापलेला असतो. पर कापलेला असेल तर मासा ठेवायचा, शाबूत असेल तर सोडायचा. काही पिल्लांच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, खुणेचे आकडे कोरलेली स्टीलची तारही टोचलेली असते. धक्क्यावर सरकारी माणूस माशाच्या डोक्यावरून यंत्र फिरवून ती शोधतो, आणि मासा कुठल्या केंद्रातून कुठल्या वर्षी सुटला ते कळतं. साल्मनच्या भटकंतीची बरीचशी माहिती अशा हौशी लोकांच्या होड्यांतून आली आहे. गळाला उलटा काटा चालत नाही. आणि जो मासा ठेवायची परवानगी नाही तो होडीत उचलून घ्यायचाच नाही, पाण्यातच मोकळा करायचा. फोटोपुरताही वर घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम अतिरेकी वाटतो. पण त्याचं कारण आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर माशाच्या कल्ल्यांत एकाच ठिकाणी सापडतं.

शाळेतलं परासरण आठवा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. समुद्रातल्या माशाची तीच अवस्था असते. कल्ल्यांचं पटल अतिशय पातळ, एरवी पाण्यातला ऑक्सिजन रक्तात येणारच नाही. आणि त्याच पातळ पटलातून अंगातलं पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे ओढलं जातं. पाण्यात बुडालेला मासा सतत तहानलेला असतो. नदीतल्या माशाचं उलट होतं: पाणी आत शिरत राहतं, क्षार निसटत राहतात. रोहू समुद्रात सोडला तर तो सुकून मरेल आणि पापलेट नागपूरच्या अंबाझरी तलावात सोडलं तर फुगून.

मग समुद्रातला मासा करतो काय? पाणी पितो. होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली समुद्राच्या पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळून मासे ठेवले. पचनमार्गात रंग तर सापडलाच, शिवाय तो दाट झालेला होता. म्हणजे मासा खारं पाणी पितो आणि आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. पण आतडं आधी मीठ शोषतं, पाणी त्याच्या मागोमाग येतं, म्हणजे तहान भागते तेव्हा मीठही अंगात भरतं. कॅल्शियमचा बराचसा भाग आतड्यातच चुनखडीचे कण होऊन विष्ठेतून पडतो, मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रातून जातात. उरतं ते साधं मीठ, सोडियम क्लोराइड. माशाच्या मूत्रपिंडाला रक्ताहून खारट मूत्र करता येत नाही, तेव्हा ते मीठ तिकडून जाणार नाही. १९३२ साली ॲन्सेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी ईल माशाच्या कल्ल्यांत क्लोराइड बाहेर टाकणाऱ्या खास पेशी दाखवल्या. पुढे चरबी आणि हृदयविकाराच्या वादामुळे जगभर गाजलेले कीज ते हेच.

आता या पेशीत शिरू. तिची एक बाजू रक्ताकडे, दुसरी समुद्राकडे. आपल्याला मीठ रक्तातून समुद्रात टाकायचं आहे. पेशीत एक जोरकस पंप असतो. प्रत्येक फेरीला तो एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन पेशीबाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. (येन्स स्काऊ यांना तो १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला, त्यासाठी १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल.) कुणालाही वाटेल, हा पंप समुद्राच्या बाजूला असणार. पण तो आहे रक्ताच्या बाजूला! ज्या सोडियमची ब्याद घालवायची, तेच सोडियम तो परत रक्तात ढकलतो. पुस्तकातली आकृती उलटी छापली गेली असावी, असं वाटण्याजोगी ही रचना आहे.

पंप सतत चालल्यामुळे पेशीच्या आत सोडियमची टंचाई होते. त्यामुळे रक्तातल्या सोडियमला आत यायची प्रचंड ओढ लागते. आत यायला एक प्रथिनाचं दार आहे, पण त्याची अट कडक: एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकत्रच आले तर प्रवेश. सोडियमच्या ओढीवर क्लोराइड फुकटात आत ओढलं जातं आणि साचत जातं. पुढे सोडियमला पंप रक्तात परत धाडतो, पोटॅशियमही आपल्या वाटेने परततं. क्लोराइडला रक्ताकडे परत जायची वाट नाही. त्याच्यासाठी समुद्राच्या बाजूला एक वेगळी नळी उघडी असते. तिच्यातून ते बाहेर पडतं.

अजून सोडियम राहिलंच. क्लोराइडवर ऋण भार असतो. ते सारखं बाहेर जाऊ लागल्याने माशाची आतली बाजू समुद्राच्या तुलनेत वीस-तीस मिलिव्होल्टने धन होते. सोडियमवरही धन भार, धनाला धन दूर लोटतं. या रेट्याने सोडियम बाहेर पडतं, पण पेशीतून नाही, दोन शेजारच्या पेशींमधल्या चिंचोळ्या फटीतून. सोडियम पंप सोडियमला बाहेरची वाट कधी दाखवतच नाही. तो फक्त एक ओढ निर्माण करून ठेवतो, बाकीचं काम त्या ओढीवर होतं. हा परिच्छेद पुन्हा वाचावा लागला तर वाचा. मला जीवशास्त्रात याहून देखणी यंत्रणा माहीत नाही.

क्लोराइडची ती नळी म्हणजे सीएफटीआर हे प्रथिन, आणि ते आपल्या फुप्फुसांतही असतं. त्याच्या जनुकात बिघाड असेल तर सिस्टिक फायब्रोसिस होतो: फुप्फुसातला चिकट द्रव दाटतो, घाम खारट होतो. ज्या बाळाचा पापा खारट लागतो ते जगत नाही, असं युरोपातल्या जुन्या बायका म्हणत. त्यांचं निरीक्षण खरं होतं, पण जनुक सापडायला १९८९ उजाडलं. दरवर्षी मृगाच्या सुरुवातीला दमा जावा म्हणून जिवंत मरळीचं पिल्लू औषधासकट गिळायला लोक हैदराबादला जातात, आपल्याकडूनही जातात. दमा वेगळा आणि हा आजार वेगळा, हे आधीच सांगतो. पण माशाचा आणि माणसाच्या फुप्फुसाचा संबंध शोधायचा असेल तर तो या नळीत आहे. गिळलेलं पिल्लू पोटात जाऊन पचतं. त्याने दमेकऱ्याचा श्वास मोकळा झाल्याचा पुरावा नाही. त्यापायी श्वासातून घ्यायचं रोजचं औषध बंद करणं मात्र धोक्याचं आहे.

साल्मनची करामत अशी, की हा सगळा कारखाना तो बदलू शकतो. नदीतल्या पिल्लाच्या कल्ल्यांत उलट कामाच्या पेशी असतात, पाण्यातला तुटपुंजा क्षार वेचून आत घेणाऱ्या. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल वाढतं. पंपाच्या प्रथिनाची एक आवृत्ती मागे पडते, दुसरी पुढे येते. अंगावरचे उभे पट्टे जातात आणि ग्वानिनच्या स्फटिकांनी अंग चांदीसारखं होतं. मीठ चाखण्याआधीच, गोड्या पाण्यात असतानाच ही तयारी होते. परतीच्या वाटेवर नदीच्या मुखाजवळ सगळं पुन्हा उलटं फिरतं.

भाच्याच्या गळाला लागतो तो मासा याच वाटेवरचा. दोरीशी झुंजताना त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून कल्ल्यांतून रक्त जोराने फिरतं. पण ज्या पटलातून ऑक्सिजन आत येतो त्याच पटलातून पाणी बाहेर जातं. जितकी झुंज लांबेल, तितकी तहान वाढेल. वर घेतल्यावर कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास कोंडतो. जाळ्याला नि हाताला घासून खवले आणि अंगावरचा चिकट थर निघाला तर कातडीतूनही पाणी झिरपायला लागतं. समुद्रात सोडलेला असा मासा झपकन पोहत निघून जातो, सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं, आणि नंतर रक्तातलं मीठ वाढून तो कुठेतरी मरूही शकतो. होडीत न घेण्याचा नियम आणि गाठी नसलेलं मऊ जाळं यासाठी असतं.

तर मग साल्मन अंबाझरीत किंवा तोतलाडोहच्या धरणात सोडला तर? ग्रुपवरचा पुढचा प्रश्न हाच असणार. गोड्या पाण्याची त्याला अडचण नाही. मिशिगन राज्याने १९६६ साली मिशिगन सरोवराच्या नद्यांत कोहो सोडले. समुद्राचं तोंड न पाहता ते सरोवरातच वाढले आणि तिथे गळ टाकणाऱ्यांची जत्रा लोटली. नागपुरात त्याला मारेल ते ऊन. पाणी २५ अंशांच्या आसपास गेलं की साल्मनचा जीव धोक्यात येतो. त्यात दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आपल्या मे महिन्यात तो टिकणार नाही.

त्याचा सख्खा नातेवाईक मात्र भारतात आहे. कुलू-मनालीला गेलेले नागपूरकर ढाब्यावर जो ट्राऊट तळून खातात, तो बहुतेक वेळा रेनबो ट्राऊट असतो, चिनूक आणि कोहोच्याच प्रजातीगटातला. पतलीकूहलच्या सरकारी केंद्रात तो वाढवतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच जातीतले काही मासे समुद्रात जातात, चांदीसारखे होऊन परततात. त्यांना तिथे स्टीलहेड म्हणतात. काकांना मी तोच खाऊन बघायला सांगितलं आहे. मीठ तिथेही वरूनच घालावं लागेल.