गरोदरपणातला डबा: प्रथिनांचा हिशेब

दिवस राहिले की लगेच 'दोघांचं' खायची गरज नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ९.५ ग्रॅम आणि सातव्यापासून २२ ग्रॅम जास्त, म्हणजे शेवटी ६८च्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांत मळमळत असेल तर आकडे बाजूला ठेवा. फुटाणे, लाह्या, दहीभात, जे पोटात टिकेल ते थोडं थोडं खा.

हिशेब चुकतो तो वरणात. पातळ वरणाच्या वाटीत बरेचदा जेमतेम १० ग्रॅम डाळ असते, त्यातून प्रथिने मिळतात दोनच ग्रॅम. म्हणून वाट्या नकोत, कच्ची डाळ मोजा. आमच्या डब्यात माणशी ३० ग्रॅम तूरडाळीची घट्ट आमटी, ३० ग्रॅम मटकी किंवा मुगाची उसळ, १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या आणि १०० ग्रॅम दही असतं. मिळून सुमारे २६ ग्रॅम. भाकरीत कमी पडणारं लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) डाळीत भरपूर असतं, त्यामुळे भाकरी-उसळ ही जोडी मोडू नका.

उरलेलं घरी जमवा: पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, एका अंड्यात ६, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७. अंडं पूर्ण उकडलेलं हवं. मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम. मोरी (शार्क) टाळा, तिच्यात पारा साठतो.

मोड आलेलं कडधान्य कच्चं खाऊ नका. मोड येतात त्याच उबेत आणि ओलीत जंतूही वाढतात, नुसतं धुऊन ते जात नाहीत. आम्ही उसळ शिजवूनच देतो. सोबतची लिंबाची फोड पिळून घ्या, कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, तासभर थांबा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही एकत्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रोटीन पावडर? डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच. घेण्याआधी डब्यावर १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा. काहींत ती प्रथिनांहून जास्त निघते.

डबा दुपारी दोनच्या आत संपवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दही बाजूला काढून बाकीचं वाफ येईपर्यंत गरम करा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डबा लावतानाच सांगा. प्रमाण डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे बदलून देतो.